राहणार गिरगाव

१९ जानेवारी १९६०, मंगळवार

आज पुन्हा मोटारच्या ऑफिसात. (यापुढे नुसतं मो.ऑ. लिहीन. पूर्ण नाव लिहायचाही कंटाळा आलाय.) खिडकीत तेच करंदीकर, चष्मा कपाळावर चढवलेला. माझं नाकुरूचं लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, बाई, हे आफ्रिकेचं. म्हटलं, हो, लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत तिकडे गेले, सगळा संसार तिकडेच झाला, गाडी तिथेच शिकले. इथलं लायसन हवं म्हणून तर आले. तर म्हणे, इथलं लायसन इथे राहणाऱ्याला. तुम्ही इथे राहता कशावरून?

कशावरून म्हणजे? बोटीतून उतरले ती सरळ गिरगावात, दिरांच्या बिऱ्हाडी. हे गेल्यावर तिकडे कुणासाठी राहायचं. पण पासपोर्टावर पत्ता नाकुरूचा. म्हणून जन्माचा दाखला पुढे केला. जन्म मुगभाटातला, इथल्याच गिरगावातला. करंदीकर म्हणाले, यावरून जन्म कळतो, राहणं नाही कळत.

भाडेपावती आणा. ती माझ्या नावावर नसणारच, तर ज्यांच्या नावावर असेल त्यांचं पत्र आणा. गाडीला इथला नंबर मिळायलाही तेच. एक कागद, दोन कामं. सोपं आहे म्हणाले.

२२ जानेवारी, शुक्रवार

लालबागला गेले, गाडी बघायला. बाळा सावंतच्या गॅरेजात मागच्या कोपऱ्यात उभी आहे. धूळ पुसली. नंबर अजून केनियाचाच. बाळाला त्याचं फार कुतूहल. "बाय, ह्यो नंबर खयचो?" दर खेपेला विचारतो, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवतो.

रस्त्यावर काढायची सोय नाही. म्हणून शेडमध्येच थोडी पुढे, थोडी मागे. बॅटरी जिवंत राहावी म्हणून. तेवढ्यातही बरं वाटलं. यांनी हट्टाने माझ्या नावावर घेतली होती. म्हणायचे, तुला कुणाची वाट बघायला लागू नये.

गोदीतून सोडवताना साहेबांनी बजावलंय : पावसाळ्याच्या आत इथला नंबर लावा, नाहीतर गाडी परत बोटीवर चढवा. परत कुठे? तिकडे माझं आहे कोण?

३१ जानेवारी, रविवार

भाऊजींना विचारलं. मुद्दाम रविवार धरला, जेवण झाल्यावर, सुपारी कातरत बसले होते तेव्हा. दोन ओळी लिहून द्या, वहिनी आमच्याकडे राहतात एवढंच. आणि पावती जरा दाखवायला.

म्हणाले, "बघू या."

नंतर म्हणाले, पावती मालकांकडे दुरुस्तीला दिलीय. पावतीची दुरुस्ती? माझी जाऊ नलू आत भांडी घासत होती, ती घासायची थांबली.

भाऊजी भित्रे नाहीत. सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, पाठीवर लाठीचा वळ अजून आहे. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' भिंतीवर त्यांनीच रंगवलंय, आमच्या जिन्यापाशी. आता राज्य होणार म्हणतात तर चाळीत त्यांचा मान केवढा वाढलाय. आणि दोन ओळी लिहायला

जाऊ दे. विचारीन पुन्हा.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

परळला डॉ. प्रधानबाईंकडे. त्यांचं सूतिकागृह आहे, खाली खाटा, वर त्या स्वतः राहतात. डिलाईल रोडपासून भायखळ्यापर्यंतच्या चाळींतून बोलावणी येतात, वेळी-अवेळी. टॅक्सीवाला वेळेवर मिळत नाही, मिळाला तर गल्लीत शिरत नाही. त्यांना गाडीसकट बाई हवी. पुरुष ड्रायव्हर ठेवून पाहिला, बाळंतिणीच्या घरचे त्याला दारातही उभा करत नाहीत.

मला म्हणाल्या, "इंदिराबाई, मला तुमची नड आहे आणि तुम्हाला माझी. पण लायसनाशिवाय मी तुम्हाला बसवणार नाही. एखादी बाई गाडीत अडलेली असायची आणि पोलिसाने अडवायचं, हे मला नको."

बरोबर आहे त्यांचं. मे महिन्यापर्यंत थांबते म्हणाल्या.

आज पुष्कळ दिवसांनी कुणीतरी 'नड आहे' म्हणालं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

मो.ऑ. पावती नाही तर काय चालेल, हे विचारायला. करंदीकर म्हणाले, तुम्ही परदेशातून आलेल्या, मग पोलीस चौकशी करून घेऊ. शिपाई घरी येईल, विचारेल, शेरा मारेल. शेरा बरा आला की झालं. मग हे आधी का नाही सांगितलंत? आधी तुम्ही विचारलं नाहीत.

असा संताप आला. पण अर्ज भरला. पत्त्यात गिरगावची चाळ लिहिली, दुसरा मजला. लिहिताना बरं वाटलं, हे कबूल करते.

२४ फेब्रुवारी, बुधवार

शिपाई येऊन गेला.

मी आतल्या खोलीत नलूच्या मुलींची वेणी घालत होते. बाहेर भाऊजी, ऑफिसातून नुकतेच आलेले. शिपायाने विचारलं, अमुक अमुक बाई इथे राहतात का. भाऊजींचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"पाहुण्या आहेत. चार दिवस राहून जातील."

शिपायाने लिहून घेतलं. गेला. धाकटीची वेणी माझ्या हातातच राहिली. ती म्हणाली, काकू, ओढतेयस.

या खोलीत मी माप ओलांडून आले होते. तेव्हा भाऊजी शाळेत जायचे, त्यांचा डबा मी भरायची. नलू तर या घरात माझ्यानंतर आली.

रात्री आमटी खारट झाली होती, सगळ्यांनी मुकाट खाल्ली.

२५ फेब्रुवारी

नलूने नळावर सांगितलं, आजूबाजूला कुणी नसताना. पहिल्या मजल्यावर मोरे होते, त्यांच्याकडे भाचा राहायला आला. मालकांनी कोर्टात म्हटलं, पोटभाडेकरू ठेवलाय. मोऱ्यांनी शपथेवर सांगितलं की भाचा आहे, त्याच्याकडून काही घेत नाही. मालकांनी दोन साक्षीदार उभे केले. खोली गेली. मोरे आता कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही.

म्हणून हे असे वागले हो वहिनी, म्हणाली. रात्ररात्र झोप नाही त्यांना. तुमचा राग नाही त्यांच्या मनात.

मला कळतं. कळतं म्हणून जास्त त्रास होतो. नुसता दुष्टपणा असता तर भांडले असते.

४ मार्च, शुक्रवार

मालकांच्या दिवाणजींनी बोलावणं पाठवलं. म्हणजे बातमी तिथवर गेलीच. खाली पेढीवर गेले. फार आदराने बसवलं, चहा मागवला. म्हणाले, तुमची अडचण कानावर आली. एवढ्याशा कामासाठी तुम्ही वणवण फिरताय. मालक स्वतः पत्र देतील की. मालकांच्या पत्राला कुठलंही ऑफिस नाही म्हणायचं नाही.

मग हळूच म्हणाले, पत्रात एवढंच लिहायचं की आतली खोली तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याबद्दल दिरांना महिन्याला काही देता. देताच ना? मी म्हटलं, घरखर्चाला देते, नलूच्या हातात. म्हणाले, तेच ते. शब्द वेगळा, बाकी तेच. खाली तुमची सही.

माझी सही.

उद्या-परवा कळवा म्हणाले. घाई नाही.

६ मार्च, रविवार

दोन दिवस तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी फिरले, तो कागद एकच माणूस द्यायला तयार आहे, आणि तो घेतला की ही चौघं रस्त्यावर.

पण सगळं खरं लिहायचं झालं तर माझ्याबद्दल खोटं कुणी सांगितलं? भाऊजींनीच ना. पाहुणी. मी पाहुणी, तर मग मला कुणाची काळजी करायची काय गरज?

असलं काय काय डोक्यात आलं. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

७ मार्च, सोमवार

दिवाणजींना नाही म्हणून सांगून आले. त्यांनी आदर आवरता घेतला. म्हणाले, मग तुमचं काम कसं व्हायचं? म्हटलं, बघेन माझं मी. चहा मागवला नाही या वेळी.

भाऊजींना सांगितलं, सगळं. पत्रात काय लिहिणार होते तेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही सही केली नाहीत."

एवढंच. विचारलं की सांगितलं, कळलं नाही. उठून गॅलरीत गेले. मला वाटलं आता तरी लिहून देतील. नाही दिलं. गॅलरीतून आले ते सरळ अंथरुणावर पडले.

१६ मार्च, बुधवार

आज नलू स्वतःहून म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्यांना. मुलींना शेजारी ठेवलं, ठेवणीतलं पातळ नेसली, बसने गेलो. नलू अशा कुठल्या ऑफिसात कधी गेलेली नाही. वाटेत माझा हात धरून होती.

करंदीकरांनी चष्मा खाली घेतला. नलू म्हणाली, या माझ्या जाऊबाई. आमच्याकडेच राहतात. शिपायाने लिहिलं ते चुकीचं आहे.

तुम्ही कोण?

मी त्याच घरात राहते.

पावती तुमच्या नावावर आहे?

नाही, यांच्या.

मग तुम्ही तिथे राहता याला पुरावा काय?

नलूला प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "सोळा वर्षं मी तिथे पाणी भरते."

मागच्या रांगेतले दोघे हसले. करंदीकर नाही हसले, तेवढं त्यांचं खरं. म्हणाले, बाई, मला कळतंय, पण हे मी कुठल्या रकान्यात लिहू? यजमानांना पाठवा.

बाहेर आल्यावर नलूला उसाचा रस पाजला. अर्धाच प्याली. मी आपली ऑफिसला, मालकांना, सरकारला मनातल्या मनात शिव्या देत बसले होते. तिचं दुःख वेगळं होतं, मला उशिरा कळलं.

२१ मार्च, सोमवार

डॉ. बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, माझ्याकडे नर्सच्या खोलीशेजारी एक खोली रिकामी आहे. इथे राहा. नोकरीचं पत्र मी देते, राहण्याचंही देते, इमारत माझीच आहे. कुणाच्या बापाची भीती नाही.

किती सोपं. फक्त गिरगाव सोडायचं.

पाडवा झाला की जाईन, असं नलूला सांगितलं. ती म्हणाली, मुलींना काय सांगू? भाऊजी घरात होते. वर्तमानपत्र वाचत होते, पान काही उलटलं नाही.

२ एप्रिल, शनिवार

परळ. खोली लहान, पण खिडकी मोठी. ट्रंक, वळकटी, यांचा फोटो.

भाऊजी ट्रंक घेऊन खाली टॅक्सीपर्यंत आले. हमालाला हात लावू दिला नाही. टॅक्सीत ठेवली, दोनदा नीट केली, नीटच होती. जिन्यापाशी दिवाणजी उभे होते, सगळं बघत. भाऊजी मोठ्याने म्हणाले, "या हं वहिनी पुन्हा." पाहुण्यांना म्हणतात तसं. दिवाणजींना ऐकू जावं म्हणून म्हणाले, हे मला समजलं. तरी टॅक्सी चर्नीरोडला वळेपर्यंत मी मागे बघितलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

मो.ऑ. करंदीकर म्हणतात, जुना अर्ज गिरगावचा, तो 'पाहुणी' शेऱ्यासकट बंद. आता परळचा नवा. नवीन चौकशी. भरला.

शिपाई आज दुपारीच आला! डॉ. बाई जिन्यातूनच म्हणाल्या, इथे राहतात, माझ्याकडे कामाला आहेत. त्याने चहा घेतला, शेरा मारला, गेला. तिकडे जे महिनोन्‌महिने झालं नाही ते इथे चहा थंड व्हायच्या आत झालं.

आनंद व्हायला हवा होता. झाला, पण चिडचिडच जास्त. मी परळात राहायला आले त्याला पुरते दोन आठवडेही झाले नाहीत, आणि सरकारला माझं राहणं एकदम पटलं.

२५ एप्रिल, सोमवार

आता नवीनच. शेरा आला, सगळं ठीक, फक्त पहिल्या तारखेपर्यंत थांबा. राज्य बदलतंय ना. फॉर्मवर मुंबई राज्य छापलंय, ते राज्य आठ दिवसांत असणार नाही. नव्या राज्याचे फॉर्म आले की त्यावर लिहून द्या. मी म्हटलं, अहो करंदीकर, राज्य बदललं तरी परळ तिथेच राहणार ना? ते म्हणाले, परळ राहील हो, फॉर्म राहणार नाही.

डॉ. बाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. परवाच लालबागहून बोलावणं आलं होतं, टॅक्सी मिळेपर्यंत बाई घरीच मोकळी झाली. सुखरूप, पण नशीब म्हणायचं. मे संपेपर्यंत थांबते म्हणाल्या, त्यापुढे दुसरी व्यवस्था बघावी लागेल.

बाळा सावंतला पत्ता लागला की मी परळला आले. म्हणतो, आता जवळ इलात, रोज येवा, गाडीक तेवढीच हवा.

१ मे, रविवार

महाराष्ट्र झाला. परळभर रोषणाई, गिरण्यांच्या भोंग्यांचा आवाज, मुलांच्या हातात झेंडे. गच्चीवरून नर्सेसबरोबर पाहिलं. खरंच भरून आलं. गिरगावात भाऊजींनी काय धमाल केली असेल. तोरणं, पेढे, सगळी चाळ खाली अंगणात. नाव घेऊन कुणी हाक मारली असती तर मी इथून चालत गेले असते.

कुणी मारली नाही. मी तरी कुठे कळवलं होतं की येते.

३ मे, मंगळवार

मो.ऑ. नवे फॉर्म आलेच नाहीत. जुन्याच फॉर्मवर 'मुंबई राज्य' खोडून शाईने वर महाराष्ट्र लिहितात. करंदीकर स्वतः खोडत बसले होते, गठ्ठाच्या गठ्ठा. मला बघून म्हणाले, या, तुमचाच खोडतोय. यावर हसावं की रडावं. शेवटी आम्ही दोघंही हसलो.

उद्या सकाळी अर्ज द्यायचा, लगेच गाडी चालवून दाखवायची परीक्षा. फॉर्म घरी आणलाय. दोन रकाने : सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. सध्याचा परळ, शाईने लिहिला. कायमचाही तोच लिहा, म्हणजे भानगड नाही, असं करंदीकर म्हणाले. कायमच्याला दुसरा लिहिलात तर त्याचाही पुरावा जोडा.

संध्याकाळी

भाऊजी आले होते. पहिल्यांदाच. दारात चपला काढून उभे राहिले, आत या म्हणेपर्यंत. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. भाडेपावती, अस्सल, आणि त्यांच्या हातचं पत्र. 'माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या कुटुंबातील, येथेच राहतात.' खाली सही, तारीख एक मे.

मी विचारलं, आता का?

खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, परवा सगळे खाली रोषणाई बघत होते, नलू खाली आलीच नाही. वर बोलवायला गेलो. म्हणाली, उद्या मी मेले तर ही इथे राहत होती, एवढं तरी तुम्ही लिहून द्याल का?

"मला उत्तर देता येईना, वहिनी."

मी म्हटलं, मालक? दिवाणजी? मोऱ्यांसारखं झालं तर?

म्हणाले, झालं तर कोर्टात उभा राहीन. आवाज काही ठाम नव्हता. मनगट चोळत होते. भीती गेलेली नाही त्यांची. भीतीसकटच आलेत.

चहा केला. घेतला. नलूने दिलेला चिवड्याचा डबा ठेवला. जाताना म्हणाले, खोली तशीच आहे, मुलींनी तुमची जागा कुणाला दिलेली नाही. घरी चला असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

हे पत्र जोडलं तर ते सरकारी कागदात गेलं. मालकांच्या माणसाला तिथवर पोचायला किती वेळ? आणि नाही जोडलं तर भाऊजींनी जे एवढ्या मुश्किलीने लिहिलं ते माझ्या ट्रंकेत पडून राहणार. सकाळी पाकीट घेऊन जाईन, हे नक्की. पुढचं नक्की नाही.

कायमच्या पत्त्याच्या रकान्यात गिरगाव लिहिलंय. पेन्सिलीने.